मॅडम, पेनड्राइव्ह उघडंना!

काही लोकांकडे घरात साप निघाल्याचे किस्से असतात, काहींकडे लग्नात जेवण कमी पडल्याचे. माझ्याकडे पेनड्राइव्हचे आहेत. मी ते जमवले नाहीत, टेबलाच्या खणात सुटे स्क्रू साठतात तसे ते साठत गेले. एक सांगायला घेतला की त्याच्यामागून दुसरा निघतो, आणि तिसऱ्यापर्यंत माझा आवाज चढलेला असतो. घरचे विचारतात, "किस्सा सांगायलीस का भांडायलीस?" दोन्ही!

मी कॉम्प्युटर शिकवते. सीमाभागातल्या राजेश्वर गावाहून रोज बसनं एका खासगी हायस्कूलात जाते. त्या गावाचं नाव सांगणार नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. शाळेची पाटी कन्नडात, आमचे वर्ग मराठीत, आणि स्टाफरूममधली भांडणं कन्नड, मराठी, दखनी, जी भाषा आधी तोंडात येईल तिच्यात.

आमच्या लॅबमधले कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसनं निकालात काढून शाळेला दिलेले. विंडोज त्यांना झेपेना, म्हणून मी सगळ्यांवर लिनक्स टाकलं. फुकटचं, हलकं, आणि व्हायरसची कटकट कमी. नववी-दहावीच्या मुली तिथं टायपिंग शिकतात, तक्ते करतात. बहुतेकींच्या घरी कॉम्प्युटर नाही, आणि लॅबला फी नाही. हे माझ्या दृष्टीनं त्या शाळेतलं सगळ्यात चांगलं काम आहे.

पण आमचे चेअरमन शिवराजअण्णा यांना ती खोली हवी होती. त्यांचा भाचा मंजू याला तिथं कॉम्प्युटर सेंटर काढायचं होतं, अर्थात फी घेऊन. भाच्यासाठी खोली द्या असं सरळ कसं म्हणणार? मग अण्णांनी कारण शोधलं. "मॅडमच्या कॉम्प्युटरात साधं पेनड्राइव्ह आपोआप उघडत न्हाई. लेकरांचं नुकसान होयलंय."

झालं! पेनड्राइव्ह लावला की स्क्रीनवर त्याची खिडकी आपोआप उघडली पाहिजे, एवढ्याशा गोष्टीवर माझी अख्खी लॅब टांगली गेली. त्यानंतर दारात कुणी येऊन "मॅडम, पेनड्राइव्ह उघडंना!" म्हणालं की मला त्या दाराला लागलेलं मंजूचं कुलूप दिसायचं, आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

* * *

पहिला मान हेडसरांचा. बिरादार सर माणूस सज्जन, पण वायरींना घाबरणारा. लॅबला लागूनच त्यांचं ऑफिस, मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. वायरीची भानगड नको म्हणून त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला बिनवायरचा माऊस घेतला होता, आणि येईल त्या पाहुण्याला तो हातात देऊन दाखवायचे.

एक दिवस सर लॅबमध्ये आले, कॉम्प्युटरच्या मागं वाकले, बराच वेळ खुडबुड केली आणि तिथूनच म्हणाले, "मॅडम, बसलाय तर एकदम व्यवस्थित. पण उघडंना."

मी जाऊन बघितलं. पेनड्राइव्ह खरंच व्यवस्थित बसला होता. नेटची वायर जिथं लावतात त्या भोकात!

"सर, हे ह्याचं भोक नाही."

"मग बसलं कामून?"

मी तो काढून शेजारच्या योग्य जागी लावला. टुणकन खिडकी उघडली. सर माझे आभार मानतील असं मला वाटलं. सर म्हणाले, "जे बसू नये ते बसतंच कसं? ही मशीनची चूक हाय."

संध्याकाळी अण्णांनी सहज विचारलं, "लॅब कशी चाललीय?"

हेडसर म्हणाले, "बरी हाय. पण कॉम्प्युटरला चुकीची भोकं लई हायेत."

* * *

कन्नडचे हिरेमठ सर म्हणजे वेगळंच प्रकरण. त्यांना पेनड्राइव्ह लावता येतो. काढता येत नाही! काढता येत नाही म्हणजे, शेतातलं तण उपटावं तसा उपटतात. कॉम्प्युटरचं त्याच्यावर लिहिणं चाललेलं असो, नसो.

पोस्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी सहामाहीचा पेपर टाइप करून घेतला, तिथं पेनड्राइव्ह उपटला, आणि तो माझ्याकडे आणला. माझा कॉम्प्युटर त्याला घेईना. "हा नीट बंद केलेला नाही," असं स्क्रीनवर स्वच्छ लिहून आलं. मी ते सरांना वाचून दाखवलं.

"तुमच्या मशीननं माझं पेनड्राइव्ह खाल्लं, मॅडम."

"सर, काढायच्या आधी सांगायचं असतं."

"कुणाला?"

"कॉम्प्युटरला! इजेक्ट दाबायचं, तो हो म्हणाला की मग काढायचं."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पेनड्राइव्ह माझं. ते घ्यायला मी ह्याची परवानगी काढू?"

मी तासभर झटून त्यातली फाइल मिळवली. अर्धी मिळाली. कवितेवरच्या प्रश्नांपाशी पेपर संपत होता. वेळ नव्हता, सरांनी तेवढाच छापला. मुलं उड्या मारत बाहेर आली, पेपर लईच सोपा! आणि पालकसभेत कुणीतरी विचारलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "उरलेला पेपर लॅबमध्ये हाय."

मग मी चिडून भिंतीवर मोठा कागद लावला. "आधी इजेक्ट, मग काढा." मराठीत आणि कन्नडात. दुसऱ्या दिवशी हिरेमठ सर आले, खिशातून लाल पेन काढलं, माझ्या कन्नडातली चूक दुरुस्त केली, पेनाला टोपण लावलं, आणि पेनड्राइव्ह उपटून घेऊन गेले.

* * *

मोबाईलवाल्यांचा एक छोटा किस्सा. गणिताच्या बाईंनी मोबाईल वायरनं जोडला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. मी म्हणाले, "बाई, मोबाईलच्या स्क्रीनवर बघा. तो विचारतोय, नुसतं चार्जिंग करायचं का फोटोही दाखवायचे."

"विचारू दे की. मी कशाला उत्तर देऊ? अनोळखी कशावरबी बोट ठेवू नका म्हणून तुमीच शिकवलंय!"

मी खुर्चीत बसले आणि पाणी प्यायले.

* * *

आता मंजू. हा सगळ्यात जास्त डोक्यात जाणारा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी दोन दिवस रजेवर होते. घरी लग्न होतं. परत आले तर दाराजवळचा कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं, आणि पुढं सगळं ठप्प. मुली हाताची घडी घालून उभ्या. मी विचारलं, "काय झालं?"

"मंजूअण्णा आले होते. दुरुस्त करून गेले."

दुरुस्त! माझ्या डोक्यात तिडीक गेली. चालणारं मशीन कुणी दुरुस्त करतं का?

पेनड्राइव्ह उघडत नसला की माझी रीत साधी आहे. आधी दुसऱ्या भोकात लावून बघायचं. मग कॉम्प्युटरला विचारायचं, बाबा, तुला काही जोडलेलं दिसलं का? दिसलंच नाही तर भोक किंवा पेनड्राइव्ह खराब. दिसलं पण उघडलं नाही, तर सेटिंग बघायचं. यात जादू काही नाही, थोडा धीर लागतो. मंजूला धीर नाही. त्यानं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि त्यात सांगितलेली एक ओळ कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या फाइलीत लिहून टाकली. तिचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता. अर्थ असा होता की, सकाळी उठल्याबरोबर आधी मंजूचा पेनड्राइव्ह शोध, आणि तो सापडल्याशिवाय पुढं जाऊ नकोस!

त्यामुळं मंजू असताना सगळं झकास चाललं. अण्णांना बोलावून त्यानं दाखवलंसुद्धा, बघा मामा, आपोआप उघडलं. मग स्वतःचा पेनड्राइव्ह खिशात घालून मंजू घरी गेला, आणि कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी त्याची वाट बघत बसला.

मी ती ओळ खोडली. मशीन सुरू झालं. मंजूला बोलावून, आवाज होईल तेवढा खाली ठेवून सांगितलं, "तुझा पेनड्राइव्ह नसला की हा सुरूच होत नव्हता."

मंजूनं जराही न ओशाळता विचारलं, "मग ते खोडलं कामून? माझं पेनड्राइव्ह इथंच ठिवलं असतं की!"

आणि अण्णा बाहेर सगळ्यांना सांगत होते, "आमचा मंजू एक्सपर्ट हाय. त्यानं चालू केलं, मॅडमनं येऊन खोडलं."

मला त्या दिवशी रडू आलं. रागानं येतं तसलं. मुलींसमोर नको म्हणून मी पाठ वळवून फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

* * *

सगळेच असे नाहीत, नाहीतर मी कधीच राजीनामा दिला असता. आमच्या कमिटीत शांतक्का आहेत. निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली, अण्णांनाही. त्यामुळं अण्णांना अरे-तुरे करायची हिंमत फक्त त्यांच्यात.

एकदा त्या नातवाच्या बारशाचे फोटो बघायला लॅबमध्ये आल्या. पेनड्राइव्ह लावला, उघडला, फोटो बघून झाले. मग त्यांनी पेनड्राइव्हला बोट लावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काढू का ग?"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं!

"काय झालं? चुकलं का?"

"नाही अक्का. काढा. तुम्ही म्हणाल तेव्हा काढा."

* * *

आता खंडेनवमी. आमच्या भागात या दिवशी ज्यानं पोट भरतं त्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. ट्रॅक्टर, शिलाई मशीन, वस्तरा, तराजू. मग शाळेचे कॉम्प्युटर कसे सुटतील? त्याला माझी हरकत नाही. माझीही श्रद्धा आहे. पण गेल्या वर्षी जे झालं ते ऐका.

पूजा अण्णांच्या हस्ते. त्यांनी ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवली आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या तोंडावर आडवे पट्टे ओढले. कॉम्प्युटरचं तोंड म्हणजे काय? जिथं पेनड्राइव्ह लावायची भोकं असतात ती जागा! मी "अण्णा, अण्णा" म्हणेपर्यंत रांग संपली होती. वरून हळद-कुंकू. त्यावर फुलाची पाकळी चिकटावी म्हणून बोटानं दाबून.

दसऱ्याच्या सुट्टीत ते सगळं आत वाळून खडू झालं. सुट्टीनंतर एकाही कॉम्प्युटरला पुढून पेनड्राइव्ह दिसेना. मी जुना टूथब्रश आणि सुई घेऊन बसले. लाल, पिवळी, पांढरी भुकटी निघत होती, आणि माझ्या तोंडून काय निघत होतं ते इथं सांगण्यासारखं नाही. काही भोकं जगली, काही कायमची गेली.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बघा मॅडम. पूजा करूनबी ज्ये चालंना, त्ये देवालाच नको असंल."

त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या वर्षी मशीनला बोट लावू द्यायचं नाही.

* * *

आणि ते पुढचं वर्ष म्हणजे यंदाचं.

पूजेच्या आधीच अण्णांनी जाहीर केलं की पूजेला कमिटी येणारच आहे, तेव्हा लॅबचाही निकाल लावू. सगळ्यांसमोर, प्रोजेक्टरवर, ते स्वतः पेनड्राइव्ह लावणार. आपोआप उघडला तर लॅब राहील. नाही उघडला तर खोली मंजूच्या सेंटरला.

मी म्हणाले, "चालेल. पण यंदा पूजा मशीनची नाही, तबकाची. शाळेतलं जे काही सुटं आहे ते तबकात ठेवा आणि त्याला विभूती लावा." अण्णांना हे पटलं. शिपाई मल्लम्माअक्कांनी मोठं पितळी तबक घेतलं आणि शाळाभर फिरून सगळं गोळा केलं. किल्ल्या, कात्री, स्टेपलर, घंटेचा हातोडा, फळ्यावरचा लाकडी कंपास, सगळ्यांचे पेनड्राइव्ह, कॉम्प्युटरला लावलेलं जे जे उपटता येतं ते ते.

मी सकाळपासून प्रोजेक्टरच्या कॉम्प्युटरपाशी होते. सेटिंग बघितलं. पुढचं भोक बघितलं. हेडसरांचा, हिरेमठ सरांचा, माझा, हाताला लागला तो प्रत्येक पेनड्राइव्ह लावून बघितला आणि मगच तबकात जाऊ दिला. सगळे आपोआप उघडले. दारात मुली उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. एकीनं विचारलं, "मॅडम, उघडंल न्हवं?" मी म्हणाले, "उघडेल."

पूजा झाली. नारळ फुटला. कमिटी खुर्च्यांवर बसली, शांतक्का पुढच्या खुर्चीत. अण्णांनी तबकात हात घातला, विभूती लागलेलं काहीतरी बारकं उचललं, कपाळाला लावलं आणि कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात खुपसलं.

सगळे भिंतीकडे बघू लागले. खिडकी उघडली नाही.

आम्ही थांबलो. नाही उघडली.

"अण्णा, एकदा काढून परत लावा."

"परत कामून? लेकरांनी किती बारी लावायचं?" अण्णा कमिटीकडे वळले. "बघितलात न्हवं? मी बोलायलो त्येच खरं झालं. आता ही खोली आमच्या मंजूला द्या. एक्सपर्ट पोरगा हाय. कॉम्प्युटर म्हंजे त्याच्या हातचा मळ. लेकरांचं कल्याण होतंय."

दारातल्या मुलींचे चेहरे मला बघवेनात.

तेवढ्यात शांतक्का म्हणाल्या, "थांब शिवराज. त्ये भिंतीवर काय हलायलंय?"

भिंतीवर कॉम्प्युटरचा बाण फिरत होता. वर गेला, खाली आला, डावीकडं पळाला, मग चिडल्यासारखा गोल गोल फिरायला लागला.

"मॅडम, हात लावू नका मशीनला!" अण्णा ओरडले.

"अण्णा, माझे दोन्ही हात इथं आहेत." मी ते वर करून दाखवले. टेबलावरचा माऊस जागेवर पडलेला होता. त्याला कुणीच हात लावला नव्हता.

मी वाकून भोकात बघितलं. विभूतीखाली जे होतं ते पेनड्राइव्ह नव्हतं. हेडसरांच्या बिनवायरच्या माऊसचा, कॉम्प्युटरला लावायचा, माऊसची हालचाल पकडणारा नखाएवढा तुकडा होता. मल्लम्माअक्कांनी तोही भक्तिभावानं उपटून तबकात ठेवला होता! मी सरळ उभी राहिले. आता बोलावं की थांबावं, याचा विचार करत होते, तोवर शेजारच्या ऑफिसातून, दारातल्या मुलींना बाजूला सारत मंजू आत आला. हातात हेडसरांचा माऊस.

"मामा, ह्या सरांच्या कॉम्प्युटरचा माऊस मेलाय. मघापास्नं तिकडं बसून फिरवायलोय. काई हलंनाच."

हिरेमठ सरांनी तोंडाला रुमाल लावला. शांतक्कांनी भिंतीवरच्या बाणाकडं बघितलं, मग मंजूच्या हातातल्या माऊसकडं, मग त्या भोकाकडं, आणि शेवटी अण्णांकडं.

"शिवराज, सेंटर चालवणारा एक्सपर्ट, त्यो ह्योच का रे?"

अण्णा कपाळावरची विभूती पुसत राहिले.

"खोली मॅडमकडंच राहू द्या," शांतक्का बाकीच्यांना म्हणाल्या. कुणीच नाही म्हणालं नाही. दारात मुलींनी एकमेकींचे हात धरले.

एकट्या मंजूला यातलं काहीच कळलं नव्हतं. भिंतीकडं त्याची पाठ होती. आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही एवढंच त्याला वाटलं. त्यानं माऊस तळहातावर ठेवला आणि सगळ्यांना दिसेल असा जोरजोरात घासायला लागला. त्याच्या मागं भिंतभर बाण सैरावैरा धावत होता.

"खोटं न्हाई बोलायलो अक्का! तुमीच सांगा बघून, जरा तरी हलायलंय का?"